धूर म्हणजे न जळलेले जळण

पहिल्या संध्याकाळी फायरप्लेस पेटवायला बसले तेव्हा माझ्याजवळ नवी आगपेटी होती, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, हातभर लांबीच्या ओंडक्यांची एक मोळी होती आणि विस्तव काय, कोणालाही पेटवता येतो, असा भ्रम होता. पाऊण तासाने निम्मी आगपेटी संपली होती, वर्तमानपत्रांची राख झाली होती, धुराचा निळसर थर छतापासून उतरत उतरत माझ्या डोळ्यांपर्यंत आला होता आणि तो घालवण्यासाठी सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्यामुळे खोली मुळात होती त्याहूनही गार झाली होती. ओंडके मात्र जवळजवळ जसेच्या तसे होते. त्यांच्या कापलेल्या टोकांना तेवढा पांढरा फेस आला होता आणि त्यातून बारीक चुरचुर ऐकू येत होती.

त्या दिवशी माझ्या हातून तीन चुका झाल्या होत्या. धुरांड्याच्या घशातली झडप पुरती उघडलेली नव्हती, धुरांडे आतून थंडगार होते आणि लाकूड ओले होते. वरवर पाहता या तिन्ही वेगवेगळ्या चुका आहेत. परंतु पुढच्या काही हिवाळ्यांत फायरप्लेसशी ओळख वाढत गेली तशी माझी खात्री होत गेली की या सगळ्या खटाटोपात ध्यानात ठेवायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे धूर हे न जळलेले जळण असते. ते जळावे एवढी उष्णता आणि एवढी हवा त्याला मिळाली की धूर जवळजवळ उरत नाही. बाकीचे बहुतेक नियम यातूनच निघतात.

हे पटत नसेल तर एक मेणबत्ती घ्यावी. ती मिनिटभर नीट जळू द्यावी, हलकी फुंकर घालून विझवावी आणि वातीतून जी पांढरी रेघ वर चढते तिला, वातीपासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर, लगेच जळती काडी लावावी. ज्योत त्या रेघेवरून खाली उडी घेते आणि वात पुन्हा पेटते. काडी वातीला लागलेलीच नसते. पेटते ती मेणाची वाफ.

लाकडाचेही असेच आहे. लाकूड जळताना ज्या ज्वाळा दिसतात त्या लाकडाच्या नसून त्यातून निघणाऱ्या वायूंच्या असतात. आच लागली की आधी लाकडातले पाणी वाफ होऊन जाते. त्यानंतर तापमान २०० अंश सेल्सिअसच्या पुढे सरकले की लाकडाचे विघटन सुरू होते आणि ज्वलनशील वायू व डांबरासारख्या वाफा बाहेर पडू लागतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग असा वायुरूपाने निघून जातो. हे वायू पुरतेपणी जळायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती आणि हवा दोन्ही मिळाल्या तर ज्वाळा, नाही तर धूर. मागे उरतो तो कोळसा, जो फारशा ज्वाळेविना लाल होऊन जळतो आणि ज्याला आपण निखारा म्हणतो. एकाच ओंडक्यात या तिन्ही अवस्था एकाच वेळी चालू असतात: बाहेरचा थर निखारा झालेला असतो, त्याखालचा वायू सोडत असतो आणि गाभा अजून पाणीच उकळत बसलेला असतो.

आता ओल्या लाकडाकडे वळते, कारण माझ्या मते फायरप्लेसबद्दलच्या दहापैकी आठ तक्रारींचे मूळ तिथेच असते. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ या म्हणीचा मी सुरुवातीला फार आधार घेतला. चार सुकी लाकडे रचायची आणि त्यांच्या भरवशावर दोन ओली दडपून द्यायची, असा माझा हिशेब होता. म्हण वणव्याच्या बाबतीत खरी असेल; फायरप्लेसमध्ये मात्र ओल्यामुळे सुकेही विझते. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लाकडात वजनाने निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. चांगल्या जळणात ते २० टक्क्यांहून कमी असावे लागते. दोन किलोच्या ओल्या ओंडक्यात एक किलो पाणी धरले, तर त्याची वाफ करायला साधारण २.६ मेगाज्यूल उष्णता खर्ची पडते. कोरडे लाकूड किलोला १८ ते १९ मेगाज्यूल उष्णता देते, म्हणजे कागदावर हा व्यवहार परवडणारा दिसतो, आणि मीही कागदावर तो मांडून पाहिला होता. पण खरी अडचण उष्णतेच्या एकूण रकमेची नसून तापमानाची असते. पाणी आहे तोवर लाकडाचा तेवढा भाग शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि वायू पेटायला त्याच्या कितीतरी पट तापमान हवे असते. शिवाय निघालेली वाफ सभोवतालच्या ज्वाळेलाही गार करते. मग वायू निघतात, पण न पेटताच वर जातात. माझ्या ओंडक्यांची चुरचुर हा त्या पाण्याचाच आवाज होता.

सुके लाकूड ओळखणे अवघड नाही, फक्त एका खुणेवर विसंबू नये. कापलेल्या टोकाला मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या भेगा पडलेल्या असतात, साल सैल होऊन सुटू लागते, रंग फिका पडतो आणि हातात घेतल्यावर ओंडका अपेक्षेपेक्षा हलका लागतो. दोन ओंडके एकमेकांवर आपटले तर सुक्या लाकडांचा खणखणीत टणत्कार होतो, ओल्यांचा नुसता ‘थप्’. भेगांना मी एकदा फसले आहे, कारण टोके लवकर वाळतात आणि गाभा ओलाच राहतो. ओलावा मोजायचे छोटे यंत्र मिळते; ते वापरायचे असेल तर ओंडका नव्याने फोडून त्याच्या आतल्या ताज्या बाजूवर त्याच्या दोन सुया टोचाव्यात, बाहेरून घेतलेले माप निरुपयोगी असते.

वाळवण्याचे काम फोडण्यापासून सुरू होते. साल ही झाडाची पाणी धरून ठेवणारी कातडी असल्यामुळे अखंड गोल ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओला राहू शकतो. तोच उभा चिरून त्याच्या चार फाकी केल्या की वारा थेट आतल्या भागाला लागतो. रास जमिनीपासून उचलून आडव्या दांड्यांवर रचावी, वरून झाकावी आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. सगळी रास प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाकणे हा लाकूड वाळवण्याचा नव्हे, कुजवण्याचा उपाय आहे. हलकी, मऊ लाकडे सहा महिन्यांत तयार होतात. ओकसारख्या जड, घट्ट लाकडाला दोन वर्षेही लागतात. म्हणजे या हिवाळ्यातली ऊब मागच्याच्या मागच्या वर्षी ठरलेली असते, आणि ज्याला हे आयत्या वेळी कळते त्याने वाळवलेले लाकूड विकत आणावे, ओल्याशी झुंजू नये.

लाकडाच्या जातींवरून लोक फार वाद घालतात. मला त्यात एवढेच तथ्य दिसते की पाइनसारखी राळ असलेली हलकी लाकडे चटकन पेटतात, तडतडतात आणि लवकर संपतात, तर जड लाकडे उशिरा पेटतात पण टिकाऊ निखारे देतात. पेटवायला पहिली आणि चालवायला दुसरी वापरावीत. वजनाला वजन धरले तर दोघांची उष्णता जवळपास सारखीच असते. रंगवलेले किंवा रासायनिक प्रक्रिया केलेले लाकूड, प्लायवुड, प्लास्टिक आणि चकचकीत छपाईचा कागद यांना मात्र फायरप्लेसमध्ये जागा नाही, कारण त्यांचा धूर विषारी असतो.

लाकूड सुके आहे असे गृहीत धरून आता धुरांड्याकडे येते. धुरांडे धूर ओढते ते त्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम, म्हणून हलकी असल्यामुळे. ओढ किती हे धुरांड्याच्या उंचीवर आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. म्हणजे ज्या घटकेला ओढीची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच घटकेला, विस्तव पेटवण्याच्या आरंभी, ती सर्वांत कमी असते. धुरांडे घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर रात्रभर गारठलेल्या त्या नळीत थंड, जड हवेचा खांबच उभा असतो. तो कधी कधी उलटा खोलीत ओघळतो, आणि मग कागद पेटवताच धूर तोंडावर येतो.

म्हणून मी आता काहीही रचण्याआधी झडप पूर्ण उघडते, टॉर्च वर धरून ती खरोखर उघडली आहे की नाही हे डोळ्यांनी पाहते आणि एक काडी पेटवून, विझवून, तिचा धूर फायरप्लेसच्या वरच्या कडेशी धरते. धुराची रेघ आत वळली तर ठीक. ती माझ्याकडे वळली तर वर्तमानपत्राच्या एका पानाची सैल गुंडाळी पेटवून ती चिमट्याने झडपेच्या जवळ धरते. सुरुवातीला ज्वाळा डळमळते, थोडी माझ्याकडे झुकते, आणि मग एका क्षणी ती सरळ उभी राहून वर खेचली जाते. त्याबरोबर घशातून खोल श्वास घेतल्यासारखा हलका आवाज येतो. तो आवाज आल्यावरच पुढचे काम. एका पानाने भागले नाही तर दुसरे जाळावे. तरीही हवा उलटीच येत असेल तर कारण बहुधा घरातच असते: दारे-खिडक्या घट्ट बंद असतात आणि स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला पंखा हवा बाहेर फेकत असतो. त्याने फेकलेल्या हवेची भरपाई घर कुठून तरी करणारच, आणि धुरांडे हे त्यासाठी उघडे असलेले सर्वांत मोठे भोक असते. पंखा बंद करून जवळची खिडकी बोटभर उघडली की बहुतेक वेळा भांडण मिटते.

रचण्याच्या दोन रीती आहेत. खाली कागद, त्यावर काटक्या, त्यावर ओंडके ही सर्वांना ठाऊक असलेली रीत; ती चालते, पण तिच्यात खालची आच वरच्या गार ओंडक्यांना तापवते आणि त्यांतून निघालेला वायू न जळता वर जातो. शिवाय काटक्या जळून संपल्या की ओंडके ढासळतात आणि सगळा डोलारा पुन्हा रचावा लागतो. मी वरून पेटवण्याच्या रीतीकडे वळले ती वैतागून, आणि आता दुसरी रीत वापरत नाही. तळाशी दोन किंवा तीन जाड फाकी एकमेकींत दोन बोटांचे अंतर ठेवून मांडायच्या, त्यांवर आडव्या मनगटाएवढ्या तीन-चार, त्यांवर पुन्हा आडव्या अंगठ्याएवढ्या, आणि सर्वांत वर पेन्सिलीएवढ्या काटक्यांचा सैल ढीग, ज्याच्या मध्यात कागदाच्या दोन-तीन गाठी किंवा कोरड्या लाकडाच्या तासलेल्या ढलप्या असतात. काडी फक्त शेंड्याला लावायची. ज्वाळा वर असल्यामुळे धुरांडे आधी तापते आणि खालच्या लाकडांतून निघणारा वायू ज्वाळेतूनच जावा लागल्यामुळे जळून जातो. पहिली दहा मिनिटे हे सगळे चुकल्यासारखे वाटते, कारण शेंड्यावर एक लहानसा जाळ असतो आणि खाली काहीच घडत नसते. अशा वेळी हात मांडीवर ठेवून बसणे हेच कौशल्य. बरोबर रचलेला ढीग अर्धा-पाऊण तास न शिवता खाली खाली जळत जातो. काटक्या मात्र वाटतात त्याहून दुप्पट घ्याव्यात. पेटवण्यात कंजुषी केली तर ती धुराच्या रूपाने परत मिळते.

पेटलेला विस्तव राखणे हे तुलनेने सोपे आहे, पण तिथेही एक गोष्ट मला फार उशिरा कळली: एकटा ओंडका जळत नाही. निखाऱ्यांवरून एखादे जळते लाकूड चिमट्याने बाजूला काढून ठेवले तर मिनिटा-दोन मिनिटांत त्याची ज्वाळा खाली बसते आणि ते नुसते धुमसू लागते. पुन्हा दुसऱ्याशेजारी सरकवले की काही क्षणांत दोघांमधल्या फटीत जाळ उठतो. कारण जळत्या पृष्ठभागावरून उष्णता सगळीकडे फेकली जाते, आणि समोर दुसरा जळता पृष्ठभाग असेल तर ते दोघे एकमेकांना तापवत राहतात. एकट्या लाकडाची उष्णता मोकळ्या खोलीत निघून जाते. म्हणून किमान दोन, बरे म्हणजे तीन. त्यांच्यात अंतर दोन-तीन सेंटिमीटरचे असावे: चिकटवली तर मध्ये हवा शिरत नाही, फार लांब ठेवली तर एकमेकांची धग पोचत नाही. जाळ मंदावला की नवे लाकूड टाकण्याआधी मी नेहमी आधी आहेत ती लाकडे जवळ सारून पाहते. निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागते.

नवे लाकूड टाकायचे ते जुन्याची ज्वाळा पुरती विझण्याआधी, निखारे लालभडक असताना. निखारे काळवंडल्यावर टाकलेला जाड ओंडका तापायला वेळ घेतो आणि तेवढा वेळ धूर सोडत राहतो. तसे झालेच तर ओंडक्याऐवजी चार काटक्या टाकून आधी जाळ उभा करावा. फुंकर घालायची तर निखाऱ्यांच्या मुळाशी, बारीक आणि लांब. ज्वाळेवर फुंकून काही साधत नाही. भाता असेल तर उत्तम. लोखंडी सळईने सतत उकरत बसण्याची हौस मात्र आवरावी. विस्तवाला धग टिकवण्यासाठी निखाऱ्यांची गादी लागते आणि प्रत्येक उकरण्यात ती विस्कटते. याच कारणासाठी तळाशी दोन-तीन सेंटिमीटर राख मुद्दाम राहू द्यावी. ती खालून ऊब धरते आणि तिच्यात अर्धवट बुडालेले निखारे सावकाश जळतात.

विस्तव कसा चालला आहे हे पाहण्याची सर्वांत चांगली जागा घराच्या बाहेर आहे. पेटवल्यानंतर अर्ध्या तासाने अंगणात जाऊन धुरांड्याच्या तोंडाकडे पाहावे. तिथे फक्त हवा थरथरताना दिसत असेल, किंवा अगदी फिकट पांढरी वाफ लगेच विरत असेल, तर जळण जळते आहे. करडा, दाट, रेंगाळणारा धूर दिसला तर लाकूड ओले आहे किंवा हवा कोंडली आहे.

रात्री झोपताना मोठा ओला ओंडका टाकून, हवा कोंडून, विस्तव सकाळपर्यंत धुमसत ठेवण्याची जी युक्ती काही जण कौतुकाने सांगतात ती मला मुळीच मान्य नाही. धुमसणे म्हणजे न जळलेल्या वाफा थंड धुरांड्यात सोडणे. त्या आतल्या भिंतींवर जमून क्रिओसोट नावाचा काळा, चिकट, पुढे काचेसारखा टणक होणारा थर तयार होतो, आणि तो जळाऊ असतो. एखाद्या दिवशी जोराचा जाळ झाला की तो पेट घेतो. धुरांड्यातल्या अशा आगीत तापमान १००० अंशांच्या वर जाऊ शकते आणि तिचा आवाज भरधाव गाडीसारखा येतो, असे वर्णन पुष्कळांनी केलेले आहे. मला तो ऐकायचा नाही. थर ३ मिलिमीटर जाड झाला की तो काढलाच पाहिजे, आणि जाडी कितीही असो, वर्षातून एकदा जाणकाराकडून धुरांडे तपासून व घासून घ्यावे.

एवढे सगळे करूनही उघडी फायरप्लेस खोली तापवण्याच्या कामात फार हुशार नाही, हे कबूल केले पाहिजे. लाकडातली बहुतेक उष्णता धुरांड्यातून निघून जाते, खोलीला मिळते ती जेमतेम दहावा हिस्सा. आणि ओढीबरोबर खोलीतली तापलेली हवाही बाहेर जाते. काउंट रम्फर्ड या नावाने प्रसिद्ध झालेल्या बेंजामिन थॉम्प्सन यांनी १७९६ मध्ये यावर निबंध लिहिला आणि फायरप्लेस उथळ करा, तिच्या बाजू तिरप्या करा म्हणजे धग खोलीकडे फेकली जाईल, आणि घसा चार इंचांपर्यंत अरुंद करा म्हणजे धूर नीट ओढला जाईल, असे सांगितले. लंडनमधल्या कितीतरी फायरप्लेस त्यांनी अशा बदलून दिल्या. माझी फायरप्लेस दुर्दैवाने खोल आणि चौकोनी आहे, त्यामुळे मी लाकडे मागच्या भिंतीला टेकवून रचते. भिंत तापली की तीच धग परत फेकते.

विस्तव निजवताना मी शेवटचे लाकूड झोपण्याच्या दोन तास आधी टाकते. ज्वाळा गेल्यावर निखारे पसरून ठेवते, पुढे जाळी ओढते आणि झडप उघडीच ठेवते, मग रात्रभर खोलीतली ऊब निघून गेली तरी चालेल. निखारे दिसायला शांत असले तरी कार्बन मोनॉक्साइड सोडतच असतात. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झडप लवकर बंद केली तर तो खोलीतच राहतो. त्याची सूचना देणारा अलार्म झोपण्याच्या खोलीजवळ बसवलेला असावा, ही एक गोष्ट मी कोणाशीही वाद न घालता सांगते.

राहता राहिली राख. ती थंड वाटली तरी थंड नसते, आणि कागदी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या डब्यात तर ती कधीच भरू नये. मी ती झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत काढते आणि बादली घराबाहेर, भिंतीपासून व लाकडाच्या राशीपासून दूर, फरशीवर ठेवते. मागच्या हिवाळ्यात तीन दिवस तशीच ठेवलेली बादली रिकामी करायला गेले. बाहेरून पत्रा बर्फासारखा गार होता. सवयीने सळई घालून राख ढवळली तर तळाशी गोटीएवढा काळा खडा हाती लागला, आणि वाकून त्यावर हलकी फुंकर घातली तर तो लाल झाला. झाकण परत लावून बादली आणखी दोन दिवस तिथेच राहू दिली.